बाहेर बसवलेल्या स्टारनं थांबायचं की जायचं: रूनीच्या निमित्तानं सविस्तर उत्तर

तू विचारलंस की २०१७ च्या उन्हाळ्यात इंग्लंडचा फुटबॉल स्टार वेन रूनीनं करार शिल्लक असताना आपला क्लब मँचेस्टर युनायटेड सोडला आणि त्याच उन्हाळ्यात इटलीतल्या रोमा क्लबचा कॅप्टन फ्रान्चेस्को तोत्ती रोमामधूनच रिटायर झाला, मग दोघांत खरा निष्ठावंत कोण. आणि शेवटी थोडक्यात लिहिलंस की तू स्वतः क्लबचा कॅप्टन आहेस, नवीन कोच आल्यापासून बाहेर बसतोयस आणि सोडायचा विषय काढला की पोरं गद्दार म्हणतात. खरा प्रश्न हा शेवटचाच आहे असं मला वाटतंय, पण रूनीवरून सुरुवात करू, कारण त्याच्या एकट्याच्या करिअरमध्ये हा पेच तीन वेळा आलाय आणि तिन्ही वेळा वेगळा.

मी कोल्हापूरचा, आधी खेळलो, आता बरीच वर्षं कोचिंग करतोय, कॅप्टनला बाहेर बसवायचा निर्णय घ्यायची वेळ माझ्यावर आलेली आहे त्यामुळं दोन्ही बाजू थोड्या जवळून माहिती आहेत. माझं मत आधीच सांगतो: रूनीच्या निष्ठेवर बोट ठेवायचं असेल तर २०१० वर ठेव, २०१७ वर नको. २०१७ मध्ये तो जसा वागला तसं वागणारे स्टार फार कमी बघितलेत मी.

२०१० मध्ये काय झालं ते आठव. आदल्याच सीझनला त्यानं ३४ गोल मारले होते, टीमशीटवर पहिलं नाव त्याचंच असायचं. रोनाल्डो आणि तेवेझ २००९ ला गेलेले, त्यांच्या जागी तेवढ्या तोलाचे प्लेअर आले नव्हते आणि ऑक्टोबरमध्ये रूनीनं जाहीर केलं की क्लब टॉपचे खेळाडू आणू शकेल याची खात्री मला मिळत नाहीये म्हणून मी करार वाढवणार नाही. हे निवेदन आलं कधी, तर बुर्सास्पोरविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग मॅचच्या जेमतेम दोन तास आधी. आणि दोनच दिवसांनी त्यानं त्याच क्लबसोबत पाच वर्षांचा नवीन करार केला. आता त्याचं म्हणणं चुकीचं होतं का, तर पूर्ण नाही, युनायटेडची पुढची दहा वर्षं बघितली तर त्याची शंका खरीच निघाली. पण मॅच तोंडावर आलेली असताना, सोबतचे अकरा जण बूट बांधत असताना तू जगाला सांगतोस की ही टीम माझ्या लायकीची राहिली नाही, ते त्या अकरा जणांच्या मनाला लागतं. त्याला न खेळवल्याचं दुःख नव्हतं तेव्हा, सगळं मिळत होतं आणि अजून हवं होतं. महत्त्वाकांक्षा म्हणून मी ती वाईट म्हणणार नाही, पण निष्ठेला तडा गेला असेल तर तो तिथं. पुढं त्यानं माफी मागितली, फेब्रुवारीत मँचेस्टर सिटीविरुद्ध ती ओव्हरहेड किक मारली, मे महिन्यात ब्लॅकबर्नमध्ये त्याच्याच पेनल्टीवर लीगचं टायटल पक्कं झालं, आणि लोकांनी बऱ्यापैकी पोटात घातलं. बऱ्यापैकीच. काही जणांनी शेवटपर्यंत नाही घातलं.

दुसऱ्यांदा २०१३. मार्चमध्ये रियल माद्रिदविरुद्धच्या मोठ्या मॅचला युनायटेडचे मॅनेजर फर्ग्युसननी त्याला बेंचवर ठेवून वेल्बेकला खेळवलं. मे महिन्यात फर्ग्युसन म्हणाले की त्यानं ट्रान्सफर मागितली, रूनी नंतर म्हणाला की मी मागितलेली नाही. खोलीत दोघांत काय बोलणं झालं ते त्या दोघांनाच ठाऊक, पण एवढं नक्की की एका मॅचच्या टीमशीटनं नऊ वर्षांचं नातं हललं, आणि उन्हाळ्यात चेल्सीनं मागणी घातली ती युनायटेडनं फेटाळली. हा भाग मी इथंच सोडतो.

तिसऱ्या वेळेकडं यायच्या आधी एक गोष्ट समजून घे जी बाहेरच्यांना दिसत नाही. सिलेक्शन न होणं म्हणजे फक्त शनिवारी मॅच बसून बघणं नाही, तुझा अख्खा आठवडा बदलतो. जे मॅच खेळले ते दुसऱ्या दिवशी रिकव्हरी करतात, हलकी सायकल, स्ट्रेचिंग, मसाज, हसत खेळत. आणि जे खेळले नाहीत त्यांना त्याच दिवशी वेगळं मैदान, वेगळा कोच आणि जोरात रनिंग, कारण मॅचमध्ये जी दहा-अकरा किलोमीटर धाव होते आणि त्यातली जी फुल स्पीडची धाव असते ती त्यांना मिळालेली नसते. मोठ्या मॅचनंतर टीव्ही बंद करायची घाई करू नकोस, स्टेडियम रिकामं होत असताना बेंचवरची पोरं मैदानाच्या कडेनं स्प्रिंट मारताना दिसतील, ते त्यासाठीच असतं. पंधरा वर्षं ज्यानं हे कधी केलं नाही त्याला बत्तिसाव्या वर्षी अठरा वर्षांच्या पोरांबरोबर रिकाम्या स्टँडसमोर हे करावं लागतं. शरीराला त्रास होतोच पण त्याहून जास्त मनाला.

आणि मॅचच्या दोन दिवस आधीच कळतं बरं का. प्रॅक्टिसमध्ये सेट पीस (फ्री किक, कॉर्नर) घ्यायला लागलो की कुणाला कुठल्या रंगाचा बिब, म्हणजे टीम ओळखायचं बंडीसारखं जाकीट, दिला त्यावरून सगळ्यांना टीम कळते, कोच काही बोलायच्या आधी. बिबची पिशवी फिरत असताना पोरं कोचकडं बघतच नाहीत, कॅप्टनच्या हातात कुठला रंग पडतोय तिकडं बघतात. त्याला दुसरा रंग मिळाला की एक क्षण सगळे गप्प होतात. त्या पुढच्या अर्ध्या तासात तो कसा खेळतो ते मी सगळ्यात बारकाईनं बघतो. काही जण त्या अर्ध्या तासात पाय घालून समोरच्याला दुखवतात, काही जण चालत खेळतात, आणि काही जण समोरच्या टीमचा रोल एवढा चोख करतात की पहिल्या अकरांची तयारी त्यांच्यामुळं होते. तिसऱ्या प्रकारचा माणूस मी बाहेर बसवला तरी माझ्या मनातून बाहेर जात नाही.

यात अजून एक फेरा आहे. गाडी रोज चालू केली नाही की बॅटरी उतरते तसं मॅच मिळाली नाही की टायमिंग उतरतं. पहिला टच दोन इंच लांब जातो, जिथं आधी न बघता पास जायचा तिथं एकदा मान वर करावी लागते. मग शेवटची पंधरा मिनिटं मिळतात, त्यात टच चुकतो, आणि स्टँडमधला माणूस म्हणतो बघा, संपला. पंधरा मिनिटांवर माणूस जोखू नये हे कोचला पण कळतं, पण रिझल्ट पाहिजे असतो म्हणून आम्ही जोखतो. म्हणून ज्या खेळाडूला अजून खेळायचंय त्याच्यासाठी बेंचवरचा प्रत्येक महिना खर्चाचा असतो, आणि तो खर्च त्याच्या एकट्याच्या खिशातून जातो.

आता २०१६-१७. रूनी ऑक्टोबर १९८५ चा, म्हणजे तेव्हा तिशी नुकती ओलांडलेली, पण सोळाव्या वर्षापासून एव्हर्टनच्या सीनियर टीममध्ये. २०१७ ला तो युनायटेडमधून निघाला तेव्हा एव्हर्टनच्या ७७, युनायटेडच्या ५५९ आणि इंग्लंडच्या ११९ मिळून साडेसातशेच्या वर मॅच पायात होत्या. त्याचं वय कागदावर बघायचं नाही, पायावर बघायचं. त्याची जागा पण हळूहळू मागं सरकत गेली होती, स्ट्रायकर, मग नंबर दहा (स्ट्रायकरच्या लगेच मागं), मग तेव्हाचे मॅनेजर व्हॅन गालनं थेट सेंट्रल मिडफिल्डमध्ये नेलं. मे २०१६ मध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध एफए कप फायनलला तो तिथूनच खेळला, एक शून्यनं मागं असताना मैदानाच्या मधून बॉल घेऊन तीन-चार जणांना मागं टाकत बॉक्सपर्यंत गेला, क्रॉस टाकला, फेलायनीनं छातीवर घेतला आणि माटानं बरोबरी केली. कॅप्टन म्हणून कप उचलला. दोन दिवसांत व्हॅन गाल गेले आणि मोरिन्यो मॅनेजर म्हणून आला.

मोरिन्योनं पहिल्याच प्रेस कॉन्फरन्सला सांगून टाकलं की माझ्यासाठी रूनी गोलपासून पन्नास मीटरवर खेळणारा नंबर सहा, म्हणजे मागचा मिडफिल्डर, कधीच होणार नाही. ऐकायला कौतुक वाटतं, पण नीट ऐकलं तर त्यात कोंडी आहे. कारण पुढं झ्लाटान इब्राहिमोविच आलेला, मागं पोग्बा आलेला, मग रूनीला उरली फक्त नंबर दहाची जागा आणि तिथं माटा होता, मखितारयान होता. सप्टेंबरमध्ये आठ-नऊ दिवसांत सिटी, फायनूर्ड आणि वॉटफर्डकडून तीन मॅच हरल्या आणि लेस्टरविरुद्ध कॅप्टनला बाहेर बसवलं. हाफ टाइमला स्कोअर चार शून्य. जगातला कुठलाही कोच अशा मॅचनंतर टीम बदलत नाही. रूनी त्या दिवशी बेंचवर बसून चारही गोल बघत होता, आणि बाहेर बसलेल्या स्टारसाठी याहून कठीण दुपार नसते, टीम जिंकतीय, त्याच्याशिवाय जिंकतीय, मस्त जिंकतीय, आणि कॅप्टन म्हणून त्याला मनापासून आनंद व्हायला पाहिजे.

मग दोन-तीन आठवड्यांत इंग्लंडमध्ये पण तेच. साउथगेट तेव्हा हंगामी मॅनेजर, स्लोव्हेनियाविरुद्धच्या मॅचला त्यानं रूनीला बेंचवर ठेवायचं ठरवलं. आणि इथं रूनीनं जे केलं ते मी माझ्या पोरांना सांगतो. तो मॅचच्या आदल्या दिवशी साउथगेटच्या शेजारी प्रेससमोर जाऊन बसला. मला बाहेर ठेवलंय हे त्याच माणसाच्या बाजूला बसून, सगळ्या पत्रकारांना तोंड देत, कोचच्या निर्णयाच्या मागं उभा राहून. एजंटकरवी बातमी सोडणं नाही की इन्स्टाग्रामवर कोड्यात बोलणं नाही. २०१० चा रूनी आणि हा रूनी बाजूबाजूला ठेवून बघ. सहा वर्षांत माणूस केवढा बदलला.

जानेवारी २०१७ मध्ये स्टोकला सब म्हणून उतरला, टीम एक शून्यनं मागं, ९४ व्या मिनिटाला डावीकडून फ्री किक, बॉल सगळ्यांच्या वरून पलीकडच्या वरच्या कोपऱ्यात. तो त्याचा युनायटेडसाठी २५० वा गोल, बॉबी चार्ल्टनचा २४९ चा विक्रम मोडला जो चाळीस वर्षांहून जास्त टिकला होता. क्लबच्या इतिहासातला सगळ्यात जास्त गोल करणारा माणूस बेंचवरून उठून आला होता हे लक्षात घे. आणि नंतर बोलताना त्याला ड्रॉची हळहळच जास्त होती. फेब्रुवारीत तो चीनच्या क्लबात जाणार अशा बातम्या जोरात आल्या, एजंट तिकडं जाऊन आला, आणि रूनीनं निवेदन दिलं की मी जात नाही, सीझन अजून चार आघाड्यांवर (चार स्पर्धांत) चालू आहे, त्यात माझा वाटा उचलायचाय. हे पण निवेदनच, २०१० सारखंच, पण त्यात सोबतच्यांना मान होता.

त्या सीझनला त्याचे गोल फक्त आठ. २४ मे ला स्टॉकहोममध्ये आयाक्सविरुद्ध युरोपा लीगची फायनल, दोनच दिवस आधी मँचेस्टरमध्ये बॉम्बस्फोट झालेला, सगळं शहर सुन्न. युनायटेड दोन शून्यनं पुढं, आणि मोरिन्योनं ९० व्या मिनिटाला रूनीला उतरवलं. मिनिटभराचा खेळ. त्यानं कप उचलला. काही लोक म्हणतात हा तोंडदेखला मान होता. मला नाही वाटत तसं. कोच म्हणून सांगतो, तो बदल मोरिन्योला करायची गरज नव्हती, त्यानं कॅप्टनला मैदानातून निरोप दिला. आणि रूनीनं तो एक मिनिट पूर्ण सीझन बाहेर बसून कमावलेला होता.

जुलैमध्ये तो एव्हर्टनला गेला, जिथं नऊ वर्षांचा असताना दाखल झाला होता तिथंच. करारात दोन वर्षं बाकी होती, युनायटेडनं पैसे न घेता सोडला, आणि बातम्यांनुसार त्यानं पगार बराच कमी करून घेतला. गप्प बसून दोन वर्षं तो पगार घेत राहिला असता तर कुणी कायद्यानं त्याला हात लावू शकलं नसतं, आणि तुझे मित्र त्याला निष्ठावंत म्हणाले असते. मला हीच गोष्ट खटकते. बेंचवर बसून मोठा पगार घेणारा, खेळायची भूक मेलेला माणूस निष्ठावंत, आणि मला खेळायचंय म्हणून पगार सोडून जाणारा गद्दार, हा कुठला हिशोब? ज्या भुकेमुळं क्लबनं त्याला १८ व्या वर्षी विकत घेतला, जिच्यामुळं फेनरबाचेविरुद्ध पहिल्याच मॅचला हॅटट्रिक मारली, ती भूक ३१ व्या वर्षी पण शिल्लक होती. ती क्लबच्या कामाची राहिली नाही तर ती घेऊन दुसरीकडं जाणं यात मला फसवणूक दिसत नाही.

एव्हर्टनला पहिल्याच लीग मॅचला स्टोकविरुद्ध त्याच्याच गोलवर जिंकले, पुढच्या आठवड्यात सिटीच्या मैदानात प्रीमियर लीगमधला २०० वा गोल. साउथगेटनं फोन करून परत इंग्लंडच्या टीममध्ये ये म्हणून सांगितलं, आणि त्यानं नम्रपणे नाही म्हटलं, इंग्लंडमधून रिटायर झाला. काय हवंय आणि काय सोडायचंय हे त्याला तोपर्यंत स्वच्छ कळलेलं होतं. त्या सीझनला लीगमध्ये दहा गोल, वेस्ट हॅमविरुद्ध हॅटट्रिक, त्यातला एक आपल्या हाफमधून. संपला म्हणणारे म्हणत होते तेव्हा हे झालं. पुढच्या वर्षी अमेरिकेत डीसी युनायटेडला गेला, तिथं ऑर्लँडोविरुद्धच्या मॅचचा व्हिडिओ बघितला नसशील तर बघ. दोन दोन बरोबरी, शेवटची मिनिटं, कॉर्नरसाठी यांचा गोलकीपरसुद्धा पुढं गेलेला, बॉल सुटला आणि समोरचा प्लेअर रिकाम्या गोलकडं पळत निघाला. ३२ वर्षांचा रूनी मागून अर्धं मैदान पळत आला, स्लाइड टॅकल करून बॉल काढला, उठला, चार पावलं पुढं आला आणि तिथून लांब क्रॉस टाकला जो अकोस्टानं हेडरनं आत घातला. ज्या क्लबचं नाव त्याच्या चाहत्यांनी धड ऐकलेलं नव्हतं त्या क्लबसाठी.

आता तोत्ती. तो थांबला आणि मला त्याच्याबद्दल प्रचंड आदर आहे, पण थांबणं सोपं आणि गोड होतं असं समजू नकोस. मार्च १९९३ मध्ये पहिली मॅच, मे २०१७ मध्ये शेवटची, ७८६ मॅच, ३०७ गोल, एकच क्लब. मधल्या काळात रियल माद्रिदनं बोलावलं तरी गेला नाही. पण शेवटचं दीड वर्ष जवळून बघ. जानेवारी २०१६ ला स्पलेट्टी परत कोच म्हणून आला आणि तोत्ती बाहेर बसायला लागला. फेब्रुवारीत त्यानं टीव्हीला मुलाखत देऊन नाराजी बोलून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी पालेर्मोविरुद्धच्या मॅचआधी स्पलेट्टीनं त्याला कॅम्पमधून घरी पाठवलं. ३९ वर्षांचा कॅप्टन, रोमचा जवळजवळ देव, घरी. तो स्टँडमध्ये येऊन बसला तर अख्खं स्टेडियम त्याच्यासाठी उभं राहिलं, आणि खाली टीम पाच शून्यनं जिंकली.

एप्रिलमध्ये टोरिनोविरुद्ध रोमा दोन एकनं मागं, ८६ व्या मिनिटाला तोत्तीला उतरवलं, मिनिटभरात फ्री किकवर पाय लावून बरोबरी, मग पेनल्टीवर तिसरा. तीन मिनिटांत दोन गोल. स्टँडमधली मोठी माणसं हमसून रडत होती. त्यातून त्याला अजून एक वर्षाचा करार मिळाला. पण स्पलेट्टी चुकला होता का? मला विचारशील तर नाही. पुढच्या सीझनला रोमानं ८७ पॉइंट केले, क्लबच्या इतिहासातले सगळ्यात जास्त. कोच आपलं काम करत होता, आणि तरी तोत्तीच्या निरोपाच्या दिवशी स्टेडियममध्ये स्पलेट्टीला शिट्ट्या पडल्या. स्टार थांबतो तेव्हा त्याच्या थांबण्याचा भार कोचवर पडतो, त्याच्या जागी खेळणाऱ्या पोरावर पडतो, प्रत्येक चुकलेल्या पासला लोक बेंचकडं बघतात. तोत्ती त्या शहरातच जन्मला, तिथंच राहणार होता, दुसऱ्या जर्सीत त्याला स्वतःलाच ओळखू आलं नसतं, म्हणून त्याच्यासाठी थांबणं बरोबर होतं. ते सगळ्यांसाठी बरोबर म्हणून त्याचा नियम करू नये.

क्लबची पण निष्ठा असते, त्यावर कुणी बोलत नाही. रियल माद्रिदचा गोलकीपर आणि कॅप्टन इकेर कासियासला डिसेंबर २०१२ मध्ये मलागाविरुद्धच्या मॅचला तेव्हा तिथं कोच असलेल्या मोरिन्योनं पहिल्यांदा बाहेर काढला तिथून अडीच वर्षं तो अर्धा आत अर्धा बाहेर राहिला, मधे चॅम्पियन्स लीग पण उचलली, आणि जुलै २०१५ मध्ये पोर्टोला जाताना प्रेस रूममध्ये एकटाच बसून कागद वाचत रडला. ७२५ मॅच खेळलेला माणूस, शेजारी क्लबचा एक माणूस नाही. दुसऱ्या दिवशी समारंभ केला पण तोपर्यंत तो फोटो जगभर गेला होता. इटलीतल्या युव्हेंटस क्लबचा कॅप्टन देल पिएरो, जो क्लबसोबत २००६ ला सेकंड डिव्हिजनमध्ये उतरला, त्याचं हे शेवटचं वर्ष असं अध्यक्षांनी ऑक्टोबर २०११ मध्ये भागधारकांच्या सभेत जाहीर केलं. तरी त्यानं त्या सीझनला लाझिओविरुद्ध फ्री किकवर मॅच जिंकून दिली, टायटल घेऊनच गेला. (२०१४ ला दिल्लीत त्याला प्रत्यक्ष खेळताना बघितलेले आपल्यातले बरेच जण असतील.) म्हणून कोच लोकांना माझं कायम सांगणं असतं, कॅप्टनला बाहेर बसवायचं असेल तर टीमशीट लावायच्या आधी, एकट्याला बोलावून, कारणासकट, त्याच्या डोळ्यात बघून सांगा. तेवढं त्याचं देणं लागतो आपण.

आमच्या कोल्हापुरात हा विषय फार नाजूक आहे. इथं टीम म्हणजे तालीम, तालीम म्हणजे पेठ, पाटाकडील असो दिलबहार असो खंडोबा असो, शाहू स्टेडियमवर नुसता क्लब खेळत नाही, गल्ली खेळते. एक पोरगं तालीम बदलतं तेव्हा चहाच्या टपरीवर त्याच्या वडिलांना ऐकून घ्यावं लागतं. मला हे प्रेम माहिती आहे, मी त्यातच वाढलोय, आणि या प्रेमामुळंच इथं फुटबॉल टिकलंय. पण याच प्रेमापोटी किती चांगली पोरं चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी बेंचवर बसून संपलेली बघितलीत, जाऊ दिलं असतं तर अजून सहा-सात वर्षं खेळली असती. आणि मजा म्हणजे तालीम सोडून गेलेल्यांपैकी जे नीट सांगून गेले, सीझन पूर्ण करून गेले, ते आज परत त्याच तालमीत ज्युनियर पोरांना शिकवतायत. जे रागानं गेले त्यांच्याशी अजून बोलणं नाही. जाण्यानं नातं तुटत नाही भावा, जायच्या पद्धतीनं तुटतं.

आता तुझं. तुझ्या लिहिण्यात एक गोष्ट मला दिसली, तू तीन वेळा लिहिलंस की माझ्या जागी खेळतोय तो माझ्याएवढा चांगला नाही, आणि एकदाही लिहिलं नाहीस की कोचला नेमकं काय पाहिजे. ते आधी शोध. तुला हवं ते खेळणं आहे की परत पहिलं नाव होणं, हे दोन वेगळे आहेत. ओळखायचं कसं तर कोचनं उद्या म्हटलं की फुलबॅक (कडेचा डिफेंडर) खेळ, नव्वद मिनिटं देतो, तर तुला आनंद होईल का? झाला तर तुला खेळायचंय, मग अजून थांबायला वाव आहे. नाही झाला तर तुझा मान दुखावलाय, आणि दुखावलेला मान घेऊन नवीन क्लबात गेलास तरी तो तिथं बेंच दिसला की परत दुखणार.

कोचला विचारताना "मला का काढलं" असं विचारू नकोस, त्यावर कुठलाही कोच गोल गोल उत्तर देतो. विचार की पुढच्या सहा आठवड्यांत मी कुठल्या दोन गोष्टी सुधारल्या तर तुम्ही मला परत बघाल. उत्तर नेमकं आलं तर त्याच्या डोक्यात तू अजून आहेस. उत्तर "मेहनत करत राहा" एवढंच आलं तर तू त्याच्या प्लॅनमध्ये नाहीस, आणि ते त्याला तोंडावर बोलता येत नाहीये. वाईट वाटेल, पण माहिती मिळाली. मग सीझन संपेपर्यंत थांब, त्या काळात प्रॅक्टिसला सगळ्यात आधी ये, तुझ्या जागी खेळणाऱ्या पोराला समोरच्या डिफेंडरचं कच्चं काय आहे ते सांग. त्याला मदत करशील तेव्हा पोटात कालवेल, तरी कर. ड्रेसिंग रूममध्ये दोन-तीन नाराज पोरांचा गट तुझ्याभोवती आपोआप जमेल, कारण बाहेर बसलेला कॅप्टन म्हणजे नाराजांचा पुढारी, तो गट जमू देऊ नकोस. निष्ठा म्हणतात ती माझ्या हिशोबी इथं दिसते, कॅप्टनचा आर्मबँड दंडावर असताना सगळेच निष्ठावंत असतात.

प्रोफेशनल करार करायची वेळ कधी आली तर एक माहिती डोक्यात ठेव, फिफाच्या ट्रान्सफर नियमांत तरतूद आहे की नाव झालेल्या प्रोफेशनलला पूर्ण सीझनमध्ये क्लबच्या अधिकृत मॅचपैकी दहा टक्क्यांहून कमी मॅचमध्ये उतरवलं असेल तर तो खेळायला न मिळाल्याच्या कारणावर करार संपवू शकतो, फक्त क्लबची शेवटची मॅच झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत. आणि करार संपायला सहा महिने उरले की दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करायला मोकळीक असते, फक्त त्या नवीन क्लबनं बोलणी सुरू करायच्या आधी तुझ्या सध्याच्या क्लबला लेखी कळवायचं असतं. म्हणजे जागतिक फुटबॉलच्या नियमांनी सुद्धा मान्य केलंय की खेळाडूला खेळायला मिळणं ही त्याची रास्त मागणी आहे. तुझ्या लोकल क्लबला हे कलम लागू होणार नाही, तिथं नोंदणीचे नियम तुझ्या जिल्ह्याचे, नोंदणी कधी उघडते आणि सोडचिठ्ठी लागते का ते असोसिएशनच्या ऑफिसात जाऊन स्वतः विचार, मित्रांच्या सांगण्यावर जाऊ नकोस.

जायचं ठरलं तर कोणाला आधी सांगायचं याचा क्रम पण ठरव. आधी कोच, मग तुझ्यानंतर ज्याच्याकडं आर्मबँड जाणार तो, मग बाकी टीम, आणि सगळं झाल्यावर नवीन क्लबची बातमी. आणि कोचशी बोलणं प्रॅक्टिस संपल्यावर, मैदानातच, दोघंच असताना कर, व्हॉट्सॲपवर नको, वडिलांना नाहीतर कुठल्या दादाला पुढं करून पण नको. सहा आठवड्यांनी तुझ्या कोचनं काय उत्तर दिलं ते मला कळव, मग कुठल्या क्लबात तुझ्या खेळाला जागा आहे ते नावं घेऊन बोलू.